छापील गाइड, पडद्याशेजारी: आरपीजी गाइडांच्या चाचणीच्या नोंदी

७ जून २०२५

आजपासून काम सुरू. शोधायचं ते एवढंच: आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायचा व्हिडिओ गेम) खेळताना छापील गाइड शेजारी उघडं असलं, तर ते कुठे कामाला येतं, कुठे अडतं आणि का.

शाळेतलं गाइड म्हणजे तयार उत्तरांचं पुस्तक. आरपीजीचं गाइड तसं एकजिनसी नसतं. एका कव्हरात तीन वेगळी पुस्तकं असतात. पहिलं वॉकथ्रू, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंतची वाट. दुसरं कोष्टकांचं: शस्त्रं, शत्रू, दुकानांचे भाव, कुणाकडून काय चोरता येतं. तिसरं नकाशांचं. या तिघांची उपयुक्तता सारखी नसणार हे उघड आहे, म्हणून तिघांची नोंद वेगवेगळी ठेवायची.

खेळ पाच: क्रोनो ट्रिगर (१९९५), फायनल फँटसी ७ (१९९७), फायनल फँटसी ९ (२०००), फायनल फँटसी १२ (२००६) आणि डार्क सोल्स (२०११). पाचही खेळ काही ना काही लपवतात, पण लपवण्याची तऱ्हा प्रत्येकाची निराळी.

कसोट्या अशा ठरवल्या. खेळणाऱ्याचे दोन्ही हात कंट्रोलरवर असतात, त्यामुळे पुस्तक हात न लावता सपाट उघडं राहिलं पाहिजे. एका प्रश्नाच्या उत्तरासाठी दोनपेक्षा जास्त ठिकाणी पानं उलटावी लागता कामा नयेत. आणि उत्तर शोधताना पुढची कथा नजरेस पडता कामा नये. तिसरी कसोटी सगळ्यांत कडक ठेवली आहे, कारण कथा फुटली तर ती परत झाकता येत नाही.

९ जून

पार्श्वभूमीची टिपणं, पुढे लागतील म्हणून.

छापील कागद आणि आरपीजी यांचं नातं गाइडांच्या आधीचं. वेस्टलँड (१९८८) आणि पूल ऑफ रेडियन्स (१९८८) या खेळांत कथेचा बराच मजकूर फ्लॉपीवर नव्हताच. पडद्यावर 'अमुक क्रमांकाचा परिच्छेद वाचा' असं येई आणि तो सोबतच्या पुस्तिकेत शोधायचा. डिस्कवर जागा कमी, म्हणून ही सोय. पुस्तिका सलग वाचून पुढचं जाणून घेणाऱ्यांसाठी मधे मुद्दाम खोटे परिच्छेद पेरलेले असत. कथा फुटू नये याची काळजी तेव्हाच घेतली गेली होती.

फँटसी स्टार २ अमेरिकेत १९९० मध्ये आला, तो खोक्यातच सूचना-पुस्तक घेऊन. त्यातल्या भुयारांचे मजले एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की नकाशाशिवाय खेळ पुढे सरकणं मुश्किल. त्याच वर्षी निन्टेन्डो पॉवर मासिकाचा १७वा अंक अख्खा पहिल्या फायनल फँटसीच्या गाइडसाठी दिला गेला. अर्थबाउंड (१९९५) मोठ्या खोक्यात गाइडसकट विकला गेला. २०१३ मध्ये तो वी यू या कन्सोलवर परत आला, तेव्हा निन्टेन्डोने तेच गाइड संकेतस्थळावर फुकट ठेवलं. म्हणजे गाइडविना हा खेळ अपुरा आहे हे प्रकाशकालाही मान्य होतं.

अमेरिकेतल्या दोन मोठ्या गाइड-प्रकाशन संस्था, प्रिमा आणि ब्रेडीगेम्स, २०१५ मध्ये एक झाल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये ते कामही बंद करत असल्याचं जाहीर झालं. युरोपात पिगीबॅक आणि फ्युचर प्रेस यांनी जाडजूड, कोष्टकांनी भरलेली पुस्तकं काढणं चालू ठेवलं. फ्युचर प्रेसचं एल्डन रिंगचं गाइड २०२२ मध्ये दोन खंडांत आलं.

१२ जून

बांधणीची तपासणी. बहुतेक मऊ कव्हरांची गाइडं गरम गोंदाच्या बांधणीची आहेत: पानं सुटी कापून पाठीला वितळलेला गोंद लावलेला. असलं पुस्तक सपाट उघडलं की कणा तडकतो. तडकण्याची जागाही ठरलेली असते. ज्या पानावर खेळणारा तासन्‌तास अडतो, तिथेच पुस्तक उघडं ठेवलं जातं आणि तिथूनच पानं सुटतात. जुनं गाइड हातात घेऊन कणा कुठे मोडलाय ते पाहिलं, तर त्या खेळातली अवघड जागा न वाचता सांगता येते.

जाड पुठ्ठ्याच्या, शिवलेल्या फॉर्म्सच्या (दुमडलेल्या पानांच्या जुड्यांच्या) प्रती पहिल्या कसोटीला सहज उतरल्या. गोंदाच्या प्रती उतरल्या नाहीत. त्यांच्यासाठी तात्पुरता उपाय: पाककृतीचं पुस्तक ठेवतात तसला तिरका स्टँड, साधारण १२० अंशांत उघडणारा, आणि पानं धरायला दोन रुंद क्लिपा. क्लिप पानाच्या खालच्या कडेला लावायची. बाहेरच्या कडेला लावली तर गुळगुळीत आर्ट पेपरवर वळ उठतो आणि तो जात नाही.

१८ जून

फायनल फँटसी ७, वॉकथ्रू.

चाचणीची जागा निबलहाइममधली शिनरा मॅन्शन. तिथल्या तिजोरीचं कुलूप चार आकड्यांवर उघडतं. आकडे घरभर लपवलेल्या चार सूचनांत आहेत. त्यातली दुसरी सूचना पियानोकडे बोट दाखवते, पण तिची इंग्रजी भाषाच धड नाही. जपानीतून आणताना शब्दांचा खेळ मोडलेला आहे. ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही त्याने कितीही डोकं चालवलं तरी तिथे बुद्धीचा कस लागत नाही, फक्त वेळ जातो. अशा जागी गाइडने सरळ उत्तर द्यावं, आणि इथे ते मिळतं: उजवीकडे ३६, डावीकडे १०, उजवीकडे ५९, उजवीकडे ९७.

पण आकडे कळले म्हणजे तिजोरी उघडली असं नाही. मुदत २० सेकंदांची आहे आणि आकड्याच्या पुढे एक घर जरी गेलं तरी प्रयत्न बाद. शेवटचे दोन्ही आकडे उजवीकडचेच आहेत. ५९ नंतर हात सवयीने डावीकडे जातो आणि तिथेच चुकतं. आकड्याजवळ आलं की बटण दाबून धरायचं नाही, एकेक टिचकी द्यायची. तिजोरीतून लॉस्ट नंबर हा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, बाहेर येतो, त्यामुळे तिला हात लावण्याआधी सेव्ह करायचं. त्याला हरवलं की ओडिन मटेरिया (मटेरिया म्हणजे अंगी शक्ती देणारा जादूचा गोळा) आणि तळघराची किल्ली मिळते. त्या किल्लीमागेच व्हिन्सेंट आहे. म्हणजे पार्टीतला, आपल्या गटातला, एक अख्खा माणूस त्या चार आकड्यांवर अवलंबून. एवढं महत्त्वाचं उत्तर वॉकथ्रूच्या सलग परिच्छेदात पुरलेलं असणं हा मांडणीचा दोष. ते चौकटीत हवं.

युफी या दुसऱ्या लपलेल्या पात्राचंही तसंच. जंगलात ती अचानक लढायला येते. हरवल्यावर जो संवाद होतो त्यातली उत्तरं ठरावीक क्रमानेच द्यावी लागतात, आणि त्या पडद्यावर दिसणारा सेव्ह पॉइंट वापरला किंवा मेनू उघडला की ती पळून जाते. 'सेव्ह पॉइंट दिसला की वापर' ही आरपीजी खेळणाऱ्याची हाडीमाशी मुरलेली सवय, आणि इथे नेमकी तीच अंगाशी येते. इथे गाइडमधली एक ओळ पुष्कळ काम करते, पण ती जंगलात शिरण्याआधी वाचलेली असेल तरच.

२२ जून

फायनल फँटसी ७, कोष्टकं. आजवरची सगळ्यांत भरीव चाचणी: सोनेरी चोकोबो (चोकोबो म्हणजे खेळातला बसायचा मोठा पक्षी).

खेळ यातलं जवळजवळ काहीच सांगत नाही, सांगतो ते तुकड्यातुकड्यांत. पूर्ण साखळी कोष्टकांवरून जुळवून लिहिली.

हायविंड हे विमान हाती आल्यावरच हे काम करता येतं. आधी चोकोबो फार्मवर तबेल्यातले खण घ्यायचे, प्रत्येकी १०,००० गिल (खेळातलं चलन). सहाही घेतले तर ६०,००० होतात, आणि पुढची गर्दी पाहता सहाही घ्यावेत. पकडण्यासाठी चोकोबो ल्युअर मटेरिया चढवायचा आणि जमिनीवर चोकोबोच्या पावलांचे ठसे असतील तिथे फिरायचं. लढाईत आधी त्याच्यापुढे पाला टाकायचा, मग बाकीचे शत्रू मारायचे. चोकोबोला एकही घाव बसता कामा नये, बसला तर तो पळतो. सगळ्या शत्रूंवर पडणारी जादू इथे वापरायचीच नाही.

पक्ष्याचा दर्जा त्याच्यासोबत आलेल्या शत्रूंवरून ओळखायचा. सर्वोत्तम म्हणजे वंडरफुल दर्जाचा पक्षी आइसिकल इनच्या आसपास, जम्पिंग नावाच्या सशासारख्या शत्रूसोबत येतो. सोबत दुसरे कुणी असतील तर तो तितका चांगला नाही, सोडून द्यायचा.

मग पैदास. चांगल्या दर्जाची नर-मादी जोडी आणि एक कॅरोब नट यांतून हिरवा किंवा निळा पक्षी निघतो. हिरवा आणि निळा, पुन्हा एक कॅरोब नट, यांतून काळा. काळा आणि वंडरफुल, आणि एक झिओ नट, यांतून सोनेरी. म्हणजे किमान तीन कॅरोब आणि एक झिओ हाताशी हवा. कॅरोब नट बोन व्हिलेजजवळच्या व्लाकोराडोसकडून चोरायचा, झिओ नट ईशान्येच्या बेटावरच्या गॉब्लिनकडून. हिरवा आणि निळा वेगळ्या लिंगाचे निघाले नाहीत तर साखळी तुटते, म्हणून प्रत्येक पैदाशीआधी सेव्ह. बाहेर येणारा रंग नशिबावरही आहे. गोल्ड सॉसरच्या शर्यती जिंकलेल्या जोडीकडून हवा तो रंग येण्याची शक्यता वाढते. पिल्लू मोठं व्हायला आणि जोडी पुन्हा तयार व्हायला मधे काही लढाया लढाव्या लागतात. नुसतं सेव्ह करून थांबलं तर काळ सरकत नाही. 'बिघाड आहे' असं वाटण्याचं नेहमीचं कारण हेच.

पाल्याचा भाव: गिसाल १००, क्राका २५०, टांटल ४००, पहसाना ८००, क्युरिएल १,०००, मिमेट १,५००, रीगन ३,०००, सिल्किस ५,०००. सिल्किसच्या दहा जुड्या म्हणजे ५०,००० गिल. शर्यतींसाठी पैसा इथेच घालावा, मधल्या भावाच्या पाल्यावर नाही. पकडायला मात्र महाग पाला लागत नाही.

शेवटी सोनेरी पक्ष्यावर बसून समुद्र ओलांडता येतो आणि ईशान्येच्या कोपऱ्यातल्या गोल बेटावर नाइट्स ऑफ द राउंड मटेरिया मिळतो.

निष्कर्ष स्पष्ट आहे. माहिती सगळी गाइडमध्ये आहे, पण तीन ठिकाणी फुटलेली: पक्षी नकाशाच्या भागात, नट शत्रूंच्या कोष्टकातल्या 'चोरी'च्या रकान्यात, पैदास साइड क्वेस्टमध्ये. दुसऱ्या कसोटीत नापास. तरीही कोष्टक हाच गाइडचा खरा कणा आहे. 'चोरी'चा रकाना उभा वाचत गेलं की ज्या गोष्टी कुणी विचारल्याही नसत्या त्या सापडतात. शोधपेटीत शब्द टाकून हे होत नाही, कारण काय शोधायचं तेच माहीत नसतं. कागदाचा सगळ्यांत मोठा फायदा मला तरी इथे दिसतो.

२५ जून

आवृत्तीचा घोळ. रूबी वेपन आणि एमरल्ड वेपन हे दोन सर्वांत कठीण शत्रू जपानच्या मूळ आवृत्तीत नव्हते, अमेरिकेच्या आवृत्तीत आले. रूबीला हरवून मिळणारं डेझर्ट रोझ काल्ममधल्या प्रवाशाला दिलं की सोनेरी चोकोबो आयता मिळतो. म्हणजे २२ तारखेची अख्खी साखळी टाळण्याची वाट आहे. मात्र नाइट्स ऑफ द राउंडशिवाय रूबीला हरवणं फार कष्टाचं, आणि तो मटेरिया सोनेरी चोकोबोशिवाय मिळत नाही. त्यामुळे व्यवहारात साखळीच बरी.

नियम केला: प्रत्येक गाइडच्या पहिल्या कोऱ्या पानावर खेळाचा प्रदेश, कन्सोल आणि साल लिहायचं. हे न लिहिता दिलेली कोणतीही दुरुस्ती अर्धवट.

१ जुलै

फायनल फँटसी ९. निराशाजनक.

अमेरिकेतलं अधिकृत गाइड कागदावर अर्धंच आहे. महत्त्वाच्या जागी एक छोटी चौकट येते, तिच्यात एक सांकेतिक शब्द, आणि सूचना अशी की हा शब्द प्लेऑनलाइन या संकेतस्थळावर टाका म्हणजे उरलेलं कळेल. पुस्तक पैसे देऊन घ्यायचं आणि वाचायचं दुसरीकडे. आज ते शब्द कुठेच चालत नाहीत. कागद पंचवीस वर्षांनंतरही शाबूत आहे, त्याने ज्याच्याकडे बोट दाखवलं ते नाहीसं झालं आहे. हे गाइड तपासताना वाईट वाटतं, कारण छपाई, चित्रं, कागद सगळं उत्तम आहे.

याच खेळात गाइडची गरज सगळ्यांत जास्त होती. एक्सकॅलिबर २ ही तलवार शेवटच्या मेमोरिया या भागात आहे, पण तिथे खेळाच्या घड्याळाचे १२ तास उलटण्याआधी पोचलं तरच मिळते. आधीच्या भागांत निवांत फिरलेल्याला ती कधीच मिळणार नाही, आणि खेळ हे कुठेही आधी बजावत नाही. त्यातून, पाल पद्धतीच्या ५० हर्ट्झ आवृत्तीत खेळच हळू चालतो. घड्याळ मात्र आपल्या गतीने पळतं, त्यामुळे ही अट तिथे फारच अवघड होते. भारतातले जुने टीव्ही पाल पद्धतीचेच, म्हणून आपल्याकडच्या वाचकाने डिस्कवरचा प्रदेश आधी पाहावा आणि मगच या तलवारीमागे लागावं.

पूरक काम: चौकटींच्या जागी नेमकं उत्तर लिहिलेल्या चिठ्ठ्या लावायच्या. पहिल्या पानावर पहिली चिठ्ठी बारा तासांची.

३ जुलै

चिठ्ठ्या कशावर लिहायच्या, याची चाचणी. आर्ट पेपरवर पेन्सिल धरत नाही, जेल पेन पुसटतं, बॉलपेन बरं पण मागे वळ पडतो. चिकटणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्यांचा गोंद काही महिन्यांनी शाईवर डाग ठेवतो. सगळ्यांत चांगलं जमलं ते असं: ट्रेसिंग पेपरची पट्टी, तिच्यावर बॉलपेनने मजकूर, आणि पट्टी पानांच्या सांध्यात खोचलेली, न चिकटवता. खालचं छापील दिसत राहतं.

६ जुलै

पाऊस जोरात. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर. सगळं काम थांबवून पुस्तकं डब्यांत भरली.

कारण लिहून ठेवतो. आर्ट पेपरवर मातीसारख्या खनिजाचा गुळगुळीत थर असतो. ओल लागली की तो थर मऊ होतो आणि समोरासमोरची पानं एकमेकांना धरतात. तशीच वाळली की वीट होते, मग सुटत नाहीत. पुस्तक भिजलंच तर ओलं असतानाच पानं एकेक सोडवून मधे बटर पेपर घालायचा, वाळल्यावर नाही. साध्या कादंबरीचा कागद उन्हात ठेवला तर टिकतो, गाइडचा टिकत नाही.

डबे हवाबंद, प्रत्येकात सिलिका जेलच्या पिशव्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. ४५ ते ५५ टक्के ठेवायचे. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर भाजून पुन्हा आत. कोकणात किंवा मुंबईत लोखंडी कपाटात उभी ठेवलेली गाइडं एका पावसाळ्यात खालून फुगतात. तळाशी लाकडी पट्टी हवी आणि मागे हवेला जागा.

१२ जुलै

फायनल फँटसी १२. पाचांतली सगळ्यांत टोकाची जागा.

झोडियाक स्पिअर हा भाला नेक्रोहोल ऑफ नाबुडिसच्या क्लॉइस्टर ऑफ द हायबॉर्न या भागातल्या पेटीत असतो. अट अशी की त्याआधी खेळभर विखुरलेल्या चार ठरावीक पेट्या उघडलेल्या नसाव्यात. पहिली लोटाउनमध्ये, म्हाताऱ्या डलानच्या घराबाहेर. दुसरी राबानास्त्रच्या राजवाड्याच्या तळघरात. तिसरी नालबिनाच्या कोठडीत, जप्तीचं सामान ठेवतात त्या खोलीत. चौथी फॉन कोस्टच्या वाड्डू स्ट्रँडवर, पेट्यांच्या झुबक्यात. यातली एक जरी उघडली तरी भाल्याची पेटी तिथे येत नाही.

पेटी दिसली की उघडायची, हे आरपीजीने पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं. हा खेळ त्या शिकवणीलाच शिक्षा करतो आणि त्याचा मागमूस लागू देत नाही. लोटाउनची पेटी पहिल्या काही तासांतच समोर येते. म्हणजे गाइड नंतर कधीतरी घेऊन चालत नाही, ते पहिल्या दिवशीच शेजारी असावं लागतं. असल्या अटी गाइड विकण्यासाठी घातल्या जातात अशी तक्रार खेळाडू करत आले आहेत. हेतू काहीही असो, खेळणाऱ्याला न सांगता घातलेली अट ही वाईट रचना आहे, आणि तिची भरपाई पुस्तकाने करावी लागते हे बरोबर नाही.

सोपा नियम चिठ्ठीवर लिहिला: या चार ठिकाणी एकही पेटी उघडायची नाही. नेमकी कुठली वर्ज्य ते ओळखत बसू नये. बाकीच्या पेट्यांत जे सुटतं त्याची किंमत किरकोळ.

मात्र चिठ्ठीवर साल ठळक हवं. २०१७ च्या झोडियाक एज आवृत्तीत ही चार पेट्यांची अट उरलेली नाही. लायसन्स बोर्डाची (पात्रांची कौशल्यं उघडण्याच्या पटाची) रचनाही बदलून बारा जॉब्जमध्ये वाटलेली आहे. म्हणजे २००६ चं गाइड २०१७ च्या खेळाला नकाशे आणि कथेची वाट यांपुरतंच लावायचं. बोर्डाची पानं क्लिप लावून बंद केली.

१३ जुलै

नकाशे. १२ चे नकाशे मोठे, दोन पानांवर पसरलेले. वाटा नेमक्या सांध्यात शिरतात आणि तिथेच दिसत नाहीत. दोन्ही अर्ध्यांची वेगवेगळी प्रत काढून ए३ कागदावर जोडली. प्रत काढताना पुस्तक काचेवर दाबायचं नाही, कणा जातो. कड काचेच्या टोकाला लावून एकेक पान घ्यायचं.

२० जुलै

क्रोनो ट्रिगर. दोन चाचण्या.

पहिली मिलेनियल फेअर आणि खटला. जत्रेत केलेल्या साध्या गोष्टी पुढे कोर्टात निघतात: म्हाताऱ्याचं जेवण खाल्लं का, मुलीचं हरवलेलं मांजर आणून दिलं का, धडक बसल्यावर आधी मार्लला उठवलं की लॉकेट उचललं. गाइडमध्ये जत्रेचं पान आणि खटल्याचं पान वेगळं, आणि इशारा दुसऱ्यावर. इथे तो उशिराच वाचलेला बरा, असं माझं ठाम मत आहे. कोर्टात आपलंच वागणं आपल्यासमोर येतं, त्यातच या प्रसंगाची ताकद आहे, आणि निकालाने खेळ अडत नाही. ही जागा चिठ्ठीविना सोडली.

दुसरी, लॉकेटने उघडणाऱ्या बंद पेट्या. इ.स. ६०० मध्ये पेटी समोर आली की ती तपासायची, पण 'घेऊ का' या प्रश्नाला नाही म्हणायचं. मग इ.स. १००० मध्ये तीच पेटी उघडायची: आतली वस्तू चारशे वर्षांत सुधारलेली मिळते. मग परत ६०० मध्ये जाऊन मूळची घ्यायची. क्रम उलटला तर एकच मिळते. हे उत्तर कोष्टकात मावत नाही, नकाशातही नाही. तीन ओळींचा क्रम लागतो, आणि वॉकथ्रूने तो व्यवस्थित दिला आहे. वॉकथ्रू निरुपयोगी ठरेल असा सुरुवातीचा अंदाज होता, तो इथे सुधारला.

२७ जुलै

डार्क सोल्स. गाइड २०११ चं, फ्युचर प्रेसचं, आणि कोष्टकांच्या बाबतीत पाचांत सरस.

खेळ आकडे दाखवतो पण त्यांचा अर्थ सांगत नाही. अंगावरचं वजन क्षमतेच्या २५ टक्क्यांच्या आत असेल तर चपळ लोळण, ५० च्या आत मध्यम, त्यावर जड. एन्ड्युरन्स हा गुण ४० नंतर वाढवला तरी स्टॅमिना वाढत नाही, फक्त वजन पेलण्याची ताकद वाढते. शस्त्रासमोरचं अक्षर 'बी' असो वा 'सी', त्यामागचा गुणक दिसत नाही. हे कळेपर्यंत नवा खेळाडू चुकीच्या गुणांवर सोल्स (खेळातलं चलन) उधळतो, आणि मागे फिरता येत नाही. पुस्तकातलं एक पान ती उधळपट्टी थांबवतं.

अडचण काळाची. खेळ बाजारात आल्यावर पॅच (दुरुस्त्या) आले आणि शस्त्रांचे, जादूचे काही आकडे बदलले. २०१२ मध्ये खेळाला जोडलेला आर्टोरियासचा भाग तर पुस्तकात असणं शक्यच नव्हतं. म्हणून चिठ्ठी अशी: उंबरठ्याचे आकडे विश्वासाचे, शस्त्रांची कोष्टकं तुलनेपुरतीच. एका शस्त्राचा नेमका फटका पुस्तकावरून काढायचा नाही, खेळातल्या पडद्यावर पाहायचा.

८ ऑगस्ट

हुकणाऱ्या गोष्टींची पट्टी तयार. प्रत्येक खेळाला एक, ए५ आकाराची, ३०० जीएसएमचं कार्ड. रकाने तीन: कुठे थांबायचं, काय करायचं किंवा करायचं नाही, गाइडचं पान. पात्रांची नावं शक्य तिथे टाळली, कथेचा एकही शब्द नाही. 'या गावातून निघण्याआधी' असं लिहायचं, 'अमुक मरण्याआधी' असं नाही.

पानांना रंगीत कडा: लाल म्हणजे हुकलं तर परत नाही, निळा कोष्टक, पिवळा नकाशा. लाल कडा कमीत कमी ठेवायच्या. सुरुवातीला ७ च्या प्रतीला इतक्या लाल कडा लागल्या की महत्त्वाचं वेगळं दिसेना. अर्ध्याहून जास्त काढल्या.

१४ ऑगस्ट

पाऊस उघडला. सुटलेल्या बांधणीची दुरुस्ती, ७ च्या प्रतीवर.

कव्हर सोडवलं. कण्यावरचा जुना गोंद हेअर ड्रायरने मंद गरम करून बोथट पट्टीने खरवडला. जास्त तापवलं तर गोंद पानांत उतरतो. पानं चारही बाजूंनी ठोकून एकसारखी केली, दोन फळ्यांत धरली, कणा साधारण एक सेंटिमीटर बाहेर. पानं एका बाजूला पंख्यासारखी झुकवून पांढरा पीव्हीए गोंद ब्रशने पातळ लावला, मग दुसऱ्या बाजूला झुकवून तसंच. यामुळे प्रत्येक पानाच्या कडेवर गोंदाची बारीक रेघ बसते. आर्ट पेपरवर गोंद धरत नाही, म्हणून त्याआधी करवतीने कण्यावर दोन-दोन सेंटिमीटरवर एक मिलिमीटर खोल खाचा पाडल्या आणि त्यांत सुती दोरा बसवला. वर मलमलीची पट्टी. गोंदात पाणी घालायचं नाही, कडा सुरकुततात. कोरड्या हवेत चोवीस तास पुरतात, या दिवसांत अठ्ठेचाळीस.

१७ ऑगस्ट

प्रत सपाट उघडते. तिजोरीच्या आकड्यांचं पान, मटेरियाचं कोष्टक, शत्रूंचं 'चोरी'चं पान, तिन्ही ठिकाणी हात न लावता उघडी राहिली.

पट्टीत एक नोंद राहून गेली होती, ती आज घातली. नॉर्दर्न क्रेटरमधला ड्रॅगन झोम्बी पँडोराज बॉक्स ही चाल अख्ख्या खेळात एकदाच वापरतो. तेव्हा पार्टीतल्या कुणावर एनिमी स्किल (शत्रूच्या चाली शिकवणारा) मटेरिया नसेल, तर ती पुन्हा शिकता येत नाही. लाल कड. क्रेटरमध्ये उतरण्याआधीच्या पानावर लावली.